शब्दचर्चा : 'रचनावाद' म्हणजे रचून सांगितलेलं?

प्रश्न (सातारा) : एम.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंधांत 'रचनावाद' आहे. शब्दच खटकतो. आपल्याकडे डाव रचतात, कुभांड रचतात. 'रचून सांगितलं' म्हणजे खोटं सांगितलं. मग राष्ट्रांमधलं वैर 'रचलेलं' असतं म्हटलं की ते खोटं ठरत नाही का? शिवाय एका नोट्समध्ये यालाच 'संरचनावाद' म्हटलंय.

उत्तर (तासगाव) : संरचनावाद वेगळा. तो भाषाशास्त्र आणि मानववंशशास्त्रातला. नोट्स दुरुस्त करून घ्या. तुमच्या साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या शाळांमुळे गाजलेला, शिक्षणातला ज्ञानरचनावाद मात्र याचा भाऊबंद. तिथं मूल स्वतः ज्ञान रचतं, इथं राष्ट्रं एकमेकांशी वागता वागता नाती रचतात. या विषयाचे अभ्यासक निकोलस ओनफ यांनी १९८९ साली 'रचनावाद' हे नाव इथं आणलं. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ साली मांडलं, की राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी राजा नाही हे खरं, पण म्हणून 'बळी तो कान पिळी' हे ठरलेलंच आहे असं नाही.

आता रचणे. आमच्याकडे कडब्याची गंजी रचतात. पेंढीवर पेंढी, वर निमुळती, पाणी आत जाऊ नये अशी. रचली म्हणून गंजी खोटी होते का? पावसाळाभर जनावरं तिच्यावर जगतात.

प्रश्न : पटलं. एखादं उदाहरण द्याल का, सर?

उत्तर : तुमच्याच गावचं घ्या. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं. अजिंक्यतारा जागेवर होता, रयत तीच, वसुली तीच. राजे वारले, कंपनी सरकारनं त्यांच्या दत्तकाला वारस म्हणून मान्यता नाकारली, आणि राज्य संपलं.

आणखी एक (कराड) : मान्यता कसली? फौज इंग्रजांची होती म्हणून संपलं.

उत्तर : दादा, फौज १८१९ सालीही त्यांचीच होती. तेव्हा त्यांनीच तह करून प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. जोर दोन्ही वेळेस तोच, मग निकाल उलटे का? मधल्या काळात 'वारस कुणाला म्हणायचं, राज्य कुणाला म्हणायचं' याची समजूत कंपनीनं बदलली. रचनावादी नेमकं या समजुतीकडे बघतात. फौजेला ते नाकारत नाहीत. फौज कशासाठी वापरायची हे कुठून ठरतं, ते विचारतात.

म्हणून ताई, सिद्धान्ताचं नाव रचनावादच राहू दे. उत्तरपत्रिकेत मात्र 'वैर रचलं गेलं' लिहू नका, त्यात कुणीतरी कट केल्याचा वास येतो. 'वैर घडत गेलं' असं लिहा.