मदत हवी आहे : मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवासाच्या वेळेचा हिशेब

नमस्कार. माझे आईवडील जानेवारीत सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन तेथून विमानाने न्यूयॉर्कला बहिणीकडे जाणार आहेत. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. आईने पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून पाहिला, तर तो चक्क उत्तरेकडे सरकला. जाताना पश्चिमेचे वारे समोरून येत असल्याने परतीपेक्षा वेळ जास्त लागतो, हेही समजले. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिकिटावरील स्थानिक वेळांच्या फरकात ते तास मिळवले की प्रत्यक्ष प्रवास निघतो, हा माझा हिशेब बरोबर आहे ना? वडिलांचे गुडघे दुखतात. अशा वेळी सलग विमान बरे, की मध्ये थांबा असलेले? थांबा घेतल्यास दोन विमानांमध्ये किती तास ठेवावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.