मोआबचे ३१७ मैल आणि ‘वाळूत बिघडण्यासारखे काय आहे?’

वालुकाश्म
अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआबजवळ, लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस परिसरात, सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये ३१७ मैलांचे कच्चे रस्ते वाहनांसाठी बंद केले. त्याबद्दल ‘चारचाकी’ यांनी परवा या चर्चेत लिहिले की, सगळे बंद केले, ही करदात्यांच्या तोंडाला पुसलेली पाने आहेत, कारण ‘ती वाळूच आहे, तिच्यात बिघडण्यासारखे काय आहे?’ हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा मीही त्या जमिनीला वाळूच समजत होतो. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी उजवी चाके रस्त्याबाहेर घेतली आणि उघड्या खिडकीतून भाजलेला पापड मोडल्यासारखा आवाज ऐकू आला. उतरून पाहिले, तर काळपट, बारीक उंचवट्यांचा एक थर चाकाखाली भुगा होऊन पडला होता. त्याचा एक तुकडा उचलला, तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला वाळूचे कण केसाहून बारीक धाग्यांना लोंबत होते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेला हा जिवंत थर वाळू वाऱ्यावर उडू देत नाही, हवेतला नायट्रोजन मातीत आणतो, आणि एकदा मोडला की पूर्ववत होण्यास कित्येक दशके घेतो. मोहावी वाळवंटात जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये उभारलेल्या सराव तळावरील रणगाड्यांच्या खुणा आजही दिसतात, यावरून वाळवंटाची जखम किती सावकाश भरते ते कळते.

शिवाय हा निर्णय कोणाच्या लहरीने झालेला नाही. वाहनमार्ग ठरवताना माती, वन्यप्राणी आणि इतर पर्यटक यांना होणारा उपद्रव कमीत कमी ठेवावा, हे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आदेशापासून बंधनकारक आहे. त्या परिसरात ८०० मैलांहून अधिक रस्ते या निर्णयाने खुलेच ठेवले, हेही मूळ लिखाणात यायला हवे होते.

चारचाकी
तुमचे चाक रस्त्याबाहेर गेले याचे तुम्हाला वाईट वाटले, हे योग्यच झाले. परंतु त्याची शिक्षा मला का? गेली अकरा वर्षे मी तिकडे जातो. डांबरी रस्ता संपला की थांबून चारही चाकांची हवा ३५ वरून १८ वर आणतो, जेणेकरून चाके घसरून रस्ता उखणला जाऊ नये, आणि आखलेल्या वाटेबाहेर वीतभरही जात नाही. नासधूस करतात ते तासाच्या भाड्याने उघड्या गाड्या घेऊन वेगात धुरळा उडवणारे. त्यांना दंड करायचा सोडून रस्ताच बंद केला, म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जाळले.

यांतील पुष्कळ वाटा १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी काढलेल्या आहेत. जिथे सत्तर वर्षे चाके फिरत आहेत तिथे तुमचा जिवंत थर उरलेलाच नाही. तो वाटेच्या बाहेर आहे, आणि मी बाहेर जात नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेले आहेत. ग्रीन नदीच्या काठाकाठाने ‘हे जो’ नावाच्या कॅन्यनकडे जाणाऱ्या वाटेवर मी तिला गाडीतून नेले, तेव्हा तिने नदीच्या पाण्यात हात बुडवला आणि म्हणाली, ‘नाशिकच्या घाटावर उतरले होते, त्यानंतर आजच.’ ती वाट या निर्णयाने बंद झाली. माझ्या आईने तिथे चालत जायचे का?

पायवाट
आईंविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, त्यांना ढाल करू नका. त्याच नदीवर मी होडीने चार दिवस होतो. त्या दरीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे गाडी दिसण्यापूर्वी अर्धा तास तिचे इंजिन ऐकावे लागते. शांतता हाही त्या सार्वजनिक जमिनीचा ठेवा आहे आणि त्याचा कर मीही भरतो.

चारचाकी
नदीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश २०१९ च्या कायद्याने वाहनमुक्त झालेलाच आहे. आता पूर्व काठही तुम्हालाच हवा. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी शांततेवर प्रवचन द्यावे आणि बाकीच्यांनी घरी बसावे, असा हा न्याय आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

पायवाट
नदी आवाज अडवत नाही, साहेब. एका काठावर इंजिन असेल, तर दुसऱ्या काठाची शांतता कागदावरच राहते. संताप मलाही येतो.

निवृत्त शिक्षिका
दोघेही माझ्यासारख्यांविषयी बोलत आहात, म्हणून लिहिते. मी सहा वर्षे वॉकर घेऊन चालते. मुलाने मलाही हौसेने अशाच एका वाटेवर नेले होते. तीन तासांच्या हादऱ्यांनी कंबर इतकी धरली की पुढचे दोन दिवस मी मोटेलच्या खोलीतच होते. वाटेत प्रसाधनगृह नसल्यामुळे सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, हे मी मुलाला आजवर सांगितलेले नाही. याउलट डेड हॉर्स पॉइंटला कड्यापर्यंत फरसबंद वाट आहे. तिथे मी कोणाचा हात न धरता गेले आणि कोलोरॅडो नदीचे ते प्रचंड वळण मनसोक्त पाहिले. आम्हाला पोहोचता यावे असे खरेच वाटत असेल, तर अशा वाटा, बाक आणि प्रसाधनगृहे मागा. मात्र ‘पायवाट’, ज्या बाईला त्या नदीत हात बुडवता आला, तिचा आनंद इतक्या सहज ढाल म्हणून बाजूला सारू नका.

पायवाट
ढाल हा शब्द मी मागे घेतो. आवाजाविषयीचे म्हणणे घेत नाही.

वालुकाश्म
‘चारचाकी’ यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. माथ्यावरच्या निव्वळ खडकावरून जाणारी जुनी वाट आणि टेन माइल कॅन्यनसारख्या ओढ्याच्या पात्रातून जाणारी वाट यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. ओढ्याच्या पात्रात मात्र मी तडजोड करणार नाही. त्या कोरड्या मुलखात पाणी आणि झाडी तेवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात असते आणि जनावरांना दुसरीकडे जायला जागा नसते.

चारचाकी
काल रात्री नवा नकाशा माझ्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिला. जेमिनी ब्रिजेसची वाट खुली आहे. आम्ही नेहमी जातो त्यांपैकी आणखी दोन खुल्या आहेत. तेव्हा ‘सगळे बंद केले’ असे मी लिहिले होते, ते चूक होते. ‘हे जो’ची वाट मात्र बंद झाली, आणि त्याचे दुःख मला राहील. आई दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे. तिला डेड हॉर्स पॉइंटला नेईन, पण तिथून नदी दोन हजार फूट खाली आहे.