क्वांटम संगणक आणि सहकारी बँकेतील नोंदी: आत्ताच खर्च करावा का?

कोथरूडकर:
नमस्कार. पुण्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी काम करतो. एका विक्रेत्याने आमच्या संचालक मंडळापुढे 'क्वांटम-सुरक्षित' यंत्रणेचा प्रस्ताव ठेवला असून, क्वांटम संगणक (अणूंच्या सूक्ष्म जगातील नियमांवर गणित करणारे यंत्र) येताच सध्याची सर्व कुलुपे, म्हणजे माहिती गुप्त ठेवणाऱ्या कूटपद्धती, एका रात्रीत उघडतील, असे तो सांगतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी ६,००० कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आणि आपल्या पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतही या तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, तेव्हा विषय पोकळ नसणार. तथापि धोक्याचे यंत्रच अद्याप तयार नसताना सभासदांचा पैसा आज खर्च करावा का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

किल्लीदार:
विक्रेत्याचे विधान अर्धे खरे आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक प्रचंड संख्येचे मूळ अवयव वेगाने पाडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, आणि आरएसए या प्रचलित कूटपद्धतीची सारी भिस्त हे काम व्यवहारात अशक्य असण्यावरच आहे. एईएस-२५६ सारख्या, दोन्ही बाजूंना एकच किल्ली (माहिती उलगडणारी गुप्त संख्या) असलेल्या पद्धतींना मात्र फारसा धक्का बसत नाही. त्यामुळे 'सर्व' हा शब्द खोडावा. गूगलच्या २०२४ मधील विलो या क्वांटम चिपमध्ये १०५ क्युबिट (क्वांटम संगणकातील माहितीचे मूलभूत एकक) होते, तर २,०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडण्यास दहा लाखांहून कमी क्युबिट पुरतील, असा अंदाज २०२५ मध्ये मांडला गेला. अंतर मोठे आहे खरे, परंतु २०१९ मध्ये हाच अंदाज दोन कोटींचा होता, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते.

आपला निर्णय माहिती किती वर्षे गुप्त राहायला हवी, यावर ठरावा. आज जाळ्यावरून जाणारी कूटबद्ध माहिती साठवून पुढे उलगडणे कोणालाही शक्य आहे. काही मिनिटांत निरुपयोगी होणाऱ्या ओटीपीची चिंता नको. खातेदारांची ओळखपत्रे आणि वारसनोंदी यांची करावी.

निवृत्त_अध्यापिका:
चर्चा केवळ कुलुपांभोवती फिरू नये, म्हणून थोडे रसायनशास्त्र. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू साध्या तापमानाला हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. खतकारखान्यात हाबर-बॉश पद्धतीने तेच करण्यासाठी चारशे अंशांच्या आसपासचे तापमान आणि प्रचंड दाब लागतो. त्या जिवाणूंच्या विकरातील (एन्झाइममधील) लोह व मॉलिब्डेनमच्या केंद्रात इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की महासंगणकांनाही त्यांचे अचूक गणित जमत नाही. क्वांटम संगणकाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. अर्थात गणित सुटल्यावरही उत्प्रेरक घडवावा लागेलच, आणि शेअर बाजारापासून वाहतुकीपर्यंत सारे काही हे यंत्र सोडवील, असे सांगणाऱ्यांपासून मी तरी चार हात दूर राहते.

दस्तऐवजी:
गुप्ततेइतकाच स्वाक्षरीचा प्रश्न गंभीर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आपण विश्वासाने स्वीकारतो; ती स्वाक्षरी करणारी किल्ली फुटली, तर मागील तारखेचा बनावट उतारा खऱ्यासारखाच दिसेल. मोठ्या बँका वेळीच यंत्रणा बदलतील. पतसंस्था आणि लहान नगरपरिषदा मागे पडतील, आणि नुकसान त्यांच्याच सभासदांचे होईल.

कोथरूडकर:
सर्वांचे आभार. आमच्याकडील तारणगहाणाचे दस्त वीस-वीस वर्षे जपावे लागतात, तेव्हा प्रश्न आमचाच आहे. विक्रेत्याला नेमके काय विचारावे?

किल्लीदार:
आधी बँकेत कोठे कोणती कूटपद्धत वापरली जाते, याची यादी घरच्या घरी करावी. त्यास विक्रेता लागत नाही. त्यानंतर अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या क्वांटम-सुरक्षित कूटपद्धतींच्या तीन मानकांपैकी कोणते त्याच्या यंत्रणेत आहे, आणि पुढे त्यात उणीव आढळल्यास संपूर्ण यंत्रणा न बदलता ते बदलता येईल का, हे लेखी विचारावे. 'आमची स्वतःची गुप्त पद्धत आहे' असे उत्तर आल्यास प्रस्ताव परत पाठवावा.