तळातल्या संघाचा नऊ नंबर (मुख्य स्ट्रायकर) कसा जोखायचा?

खिडकीजवळचा:
फँटसी प्रीमियर लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) तिसऱ्या फॉरवर्डच्या जागी दरवर्षी तळातल्या किंवा नव्याने वर आलेल्या संघाचा स्वस्तातला स्ट्रायकर घ्यावा लागतो, आणि दरवर्षी तिथेच माती होते. आकडे पाहावेत तर ते एकमेकांशी भांडतात. 2022-23 मध्ये लेस्टरने 51 गोल केले, तरी खालच्या लीगमध्ये गेले. त्याच हंगामात वुल्व्ह्ज 31 गोलांवर तेरावे. चॅम्पियनशिपात (प्रीमियर लीगच्या लगेच खालची लीग) खोऱ्याने गोल ओढणारे काही जण प्रीमियर लीगमध्ये आले की दिसेनासे होतात, नॉर्विचच्या पुक्कीसारखा एखादा मात्र टिकतो. संघ कसा खेळतो त्यावरून त्याचा स्ट्रायकर चालेल की नाही हे आधी ओळखता येतं का? "नशीब असतं हो" हे उत्तर सोडून काहीही सांगा.

दुसरा_बॉल:
तुम्ही दोन प्रश्नांची गाठ मारली आहे, आधी ती सोडवू. संघ वाचणार का, हे बहुतेक वेळा मागची फळी ठरवते. स्ट्रायकरला गोल मिळणार का, हे चेंडू बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकोनात) कसा आणि किती लवकर येतो त्यावर ठरतं. लेस्टरने 68 गोल खाल्ले, वुल्व्ह्जने 58. फरक तिथे पडला.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण 2023-24 चं ल्यूटन. 52 गोल केले, 85 खाल्ले, 26 गुणांवर खाली गेले. बोर्नमथला मध्यंतरापर्यंत 3-0 ने पुढे होते आणि सामना 4-3 ने हरले, म्हणजे बचाव काय दर्जाचा होता ते कळेल. पण फँटसीवाल्याला काय फरक पडतो? कार्लटन मॉरिस 11, अडेबायो 10. खाली गेलेल्या एकाच संघाचे दोन फॉरवर्ड दोन आकड्यांत.

हे कसं जमलं ते बघा. प्रशिक्षक रॉब एडवर्ड्स मागे तीन बचावपटू आणि बाजूंना वर-खाली पळणारे विंगबॅक ठेवायचे. डावीकडून डाउटी चेंडू मिळाला की शेवटच्या रेषेपर्यंत पळत बसायचा नाही, बऱ्याचदा अलीकडूनच क्रॉस टाकायचा. त्या क्षणी समोरचे सेंटरबॅक (मधले बचावपटू) स्वतःच्या गोलकडे तोंड करून मागे पळत असतात. त्यांना चेंडूही बघायचा असतो आणि मागून येणारा सव्वासहा फुटी माणूसही. दोन्ही एकदम बघता येत नाही. तोच क्रॉस चार सेकंद उशिरा आला तर बचाव वळून, पाय रोवून उभा असतो आणि हेडर त्याचाच. क्रॉस किती टाकले यापेक्षा टाकला तेव्हा बचाव कुठे बघत होता, हे मोजायला हवं. टीव्हीवर ते सहज दिसतं.

फेब्रुवारीत अडेबायोची हॅमस्ट्रिंग गेली आणि मॉरिसवर दोघांचा भार आला. अशा संघांत बदली खेळाडू त्याच मापाचा नसतो. जोडीतला एक बसला की दुसऱ्याचेही गोल आटू शकतात, कारण आता दोन्ही सेंटरबॅक त्याच्यावरच.

हाफटाइम_चहा:
+१. वुल्व्ह्जच्या त्या 31 गोलांची दुसरी बाजू सांगतो. राऊल हिमेनेझने त्या हंगामात लीगमध्ये एकही गोल केला नाही. शून्य. सगळ्यांनी त्याला संपवून टाकलं होतं. 2023 च्या उन्हाळ्यात तो फुलहॅमला गेला आणि पहिल्या हंगामात 7, दुसऱ्यात 12. पाय तेच, वय उलट वाढलेलं.

त्याच खुर्चीवर आधी मित्रोविच होता, आणि त्याची कुंडली तर शाळेत शिकवावी अशी आहे. 2020-21 मध्ये प्रशिक्षक स्कॉट पार्करच्या संघात प्रीमियर लीगचे 27 सामने, 3 गोल. संघाचेच अख्ख्या हंगामात 27 होते. मग मार्को सिल्वा आले: चॅम्पियनशिपात 43, आणि वर आल्यावर 24 सामन्यांत 14. पार्करच्या काळात चेंडू मिडफिल्डमध्ये फिरत राहायचा, मित्रोविच तो मागायला खाली यायचा आणि बॉक्स ओस पडायचा. सिल्वांनी फुलबॅक (बाजूचे बचावपटू) वर ढकलले आणि याला दोन पोस्टांच्या मधेच उभा केला.

आता याच्या उलट रोग. चॅम्पियनशिपात चेंडू ताब्यात ठेवून जिंकणारे संघ वर आल्यावर तसंच खेळायला जातात: कोंपनीचं बर्नली 2023-24, रसेल मार्टिनचं साउदॅम्प्टन 2024-25. खालच्या लीगमध्ये समोरचा संघ आपल्याच बॉक्ससमोर कोंडलेला असतो. स्ट्रायकरचे निम्मे गोल सहा यार्डांवरून, कटबॅकवर (गोलरेषेजवळून मागे दिलेल्या पासवर), नुसता पाय लावून. वर आल्यावर प्रेस (चेंडू हिसकावायला समोरच्यांचा दबाव) इतका तिखट होतो की गोलकीपरपासून चेंडू पुढे न्यायलाच सहा-सात माणसं आपल्या अर्ध्यात अडकतात. स्ट्रायकर पुढे एकटा. चेंडू त्याच्यापर्यंत येतो तोवर समोरची फळी बसलेली. आणि मागे एक पास चुकला की गोल. साउदॅम्प्टनने 26 केले, 86 खाल्ले, 12 गुण. त्यांच्याकडून सर्वाधिक गोल ओनुआचूचे, चार! आधीच्या हंगामात चॅम्पियनशिपात वीसच्या वर गोल करणारा अॅडम आर्मस्ट्राँग फेब्रुवारीच्या सुरुवातीला उसनवारीवर वेस्ट ब्रॉमला परत खालच्या लीगमध्ये. तो काही एका उन्हाळ्यात फिनिशिंग विसरला नव्हता.

ऑफसाइड_आबा:
वरच्या दोघांचं पटतं, पण "ताबा ठेवणारे वाईट, लांब मारणारे चांगले" असा सरळ हिशोब कुणी करू नका. पुक्कीचं नाव निघालंच आहे. नॉर्विच दोनदा वर आलं, दोनदा शेवटच्या नंबरावर गेलं, आणि दोन्ही वेळा त्याचे 11. 2021-22 मध्ये संघाचे एकूण 23, त्यात 11 याचे. तळातल्या संघात हा वाटा फार बोलतो. डेलॅपचंही तेच: 2024-25 मध्ये इप्सविचच्या 36 पैकी 12. पण त्याची तऱ्हा वेगळी. अर्ध्या रेषेजवळ पाठीवर माणूस घेऊन चेंडू रोखायचा, वळायचा आणि स्वतःच तीस-चाळीस यार्ड घेऊन जायचा. अशाला पुरवठा कमी पडला तरी चालतो, तो रेशनवर जगतो. असे थोडे असतात आणि टिकत नाहीत. संघ खाली गेला की ठरलेल्या 30 दशलक्ष पौंडांत उचला, असं कलम त्याच्या करारात होतं, चेल्सीने उचलला.

आणि फॉरेस्ट विसरू नका. 2023-24 मध्ये सतरावे, ख्रिस वुड 14. पुढच्या हंगामात सातवे, वुड 20. ताबा सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास. प्रशिक्षक नूनोंनी संघ खाली बसवला आणि समोरचे वर आले की इलांगाला मोकळं मैदान. त्याचे 11 असिस्ट (गोलआधीचे शेवटचे पास) झाले. वुड काही पळणारा गडी नाही, पण प्रतिहल्ल्यात तो योग्य वेळी थांबतो. बचाव गोलकडे धावत सुटतो आणि हा पेनल्टी स्पॉटजवळ मागे रेंगाळतो. बर्नलीत प्रशिक्षक डाइचकडे सलग चार हंगाम दहा किंवा जास्त गोल याच हिशोबाने केले होते. जानेवारी 2022 मध्ये न्यूकॅसलने त्याला नेलं, बर्नलीने वेगहोर्स्ट आणला, त्याचे दोन गोल झाले आणि संघ 35 गुणांवर खाली. बदली माणूस उंचीने मिळाला, सवयीने नाही.

खिडकीजवळचा:
मस्त! आता हे सगळं ऑगस्टमध्ये, हातात फक्त मागचे आकडे असताना, कसं वापरायचं? 27 गोल दिसले की हात शिवशिवतात.

दुसरा_बॉल:
पेनल्टी वजा करा. पेनल्टी साधारण चारपैकी तीन आत जातात, तेवढ्याने आकडा फुगतो. समजा 2400 मिनिटांत 12 गोल, त्यातल्या 4 पेनल्टी. उरले 8. 2400 भागिले 90 म्हणजे 26.7 सामने. म्हणजे दर सामन्याला 0.30. चॅम्पियनशिपातला हा आकडा वर आल्यावर कमीच होणार असं धरून चाला. मग विचारा: नव्या संघात पेनल्टी तोच घेणार का? घेणार असेल तर ते 4 परत जोडा, नाहीतर विसरा.

त्यानंतर गोल सोडून द्या आणि समोरच्या बॉक्समध्ये त्याला किती वेळा चेंडू मिळतो ते बघा. गोल दोन-तीन आठवड्यांत वर-खाली होतात, हे स्पर्श सहसा होत नाहीत. ते सलग घसरले तर गोल पडत असतानाच विकून टाका.

हाफटाइम_चहा:
पहिल्या आठवड्यात घेऊच नका, तीन सामने जाऊ द्या. त्यात दोनच गोष्टी बघा. गोलकीपरची किक कुठे जाते, स्ट्रायकरच्या डोक्यावर की बाजूच्या फुलबॅकला? आणि त्याला कितव्या मिनिटाला काढतात? तळातले संघ मागे पडले की तासाभरात फॉरवर्ड बदलतात. साठ मिनिटं भरली तर फँटसीत 2 गुण, 58 व्या मिनिटाला बाहेर आला तर 1. हंगामभरात हे फार साचतं.

ऑफसाइड_आबा:
शिवाय फॉरवर्डच्या गोलला 4 गुण, मिडफिल्डरच्या गोलला 5. खेळतो पुढे पण यादीत मिडफिल्डर आहे आणि पेनल्टी घेतो, असा कुणी तळातल्या संघात सापडला तर तिसरा फॉरवर्ड बाकावर सडू दे, सगळ्यात स्वस्त घ्या.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळ एक तास मागे जातं. संघ बदलायची शनिवारची दुपारी साडेतीनची डेडलाइन आपल्याकडे साडेचार होते. मार्चअखेर उलटं, तेव्हा एक तास अलीकडे येते आणि तिथेच लोक झोपतात.