ग्रुप-रिंग शिकून झालं, नोकरीच्या अर्जात त्याचं काय लिहायचं?

टीवाय भुसावळ
टी.वाय. बी.एस्सी. गणित. ग्रुप थिअरी, रिंग थिअरी दोन्ही पेपर झाले. जळगाव एमआयडीसीत, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, पतपेढ्यांत डेटा सांभाळायच्या जागा निघतात. तिथे "हे ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आमच्या काय कामाचं?" असं विचारलं तर लग्रांजचं प्रमेय सांगून भागत नाही, आणि "लॉजिकल थिंकिंग वाढतं" हे तर सगळेच सांगतात. समोरच्याला दाखवता येईल असं काही आहे का? एक्सेल बऱ्यापैकी येतं, पायथॉन जेमतेम.

रुळावरून
भाऊ, भुसावळात राहता, तर यार्डातल्या मालगाडीकडे बघा. प्रत्येक वॅगनवर 11 आकडी नंबर रंगवलेला असतो. त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा. पहिल्या दहांपैकी सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिला 3 ने गुणायचं, विषम स्थानांची बेरीज त्यात मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा.

नमुन्यादाखल 2213081645 घ्या. सम स्थानं: 2+3+8+6+5 = 24, तिप्पट 72. विषम: 2+1+0+1+4 = 8. एकूण 80, म्हणून तपासणीचा आकडा 0. एक्सेलमध्ये नवखे इथेच फसतात: दहातून बाकी वजा केली की 10 उत्तर येतं, आणि एका आकड्याच्या जागी दोन आकडे बसतात. बाहेरून आणखी एकदा मॉड (10 ने भागून उरणारी बाकी) घ्यावा लागतो. नंबरचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, मग मिड फंक्शनने एकेक आकडा सुटा करा. आकडेच म्हणून टाकलेला 12 आकडी नंबर जनरल फॉरमॅटमध्ये ई-वाल्या रूपात दिसतो, आणि 15 च्या पुढचे आकडे तर शून्य होऊन कायमचे जातात.

आता तुमचा पेपर. गुणायला 3 च का? कारण मॉड्युलो 10 मध्ये, म्हणजे फक्त 10 ने भागून उरणारी बाकी बघताना, 3 ला व्यस्त आहे: 3×7 = 21, बाकी 1. 2 घेतला असता तर 1 आणि 6 दोघांचाही गुणाकार 2 वरच संपला असता, आणि 1 च्या जागी 6 पडला तरी कळलं नसतं. म्हणजे एखादा आकडा चुकला तर ही रीत तो पकडतेच. ही सिद्धता दोन ओळींची आहे, मुलाखतीत कागदावर मांडता येते.

खरी मजा पुढे. शेजारचे दोन आकडे अ आणि ब उलटे पडले तर बेरीज 2(अ−ब) ने बदलते. फरक 5 असला की हा बदल दहाच्या पटीत जातो, आणि चूक निसटते. वरच्याच नंबरात सातवा-आठवा आकडा 16 आहे, तो 61 करून बघा: 57 + 13 = 70, तपासणीचा आकडा पुन्हा 0! तिसरा-चौथा 13 चा 31 केला तर मात्र 76 येतात, आकडा 4 निघतो आणि चूक सापडते. वेगवेगळ्या आकड्यांच्या 90 जोड्यांपैकी 10 निसटतात.

अर्जात एवढंच लिहा: "वॅगन नंबर तपासणारी एक्सेल शीट, एका आकड्याची चूक हमखास पकडते, शेजारच्या अदलाबदलीत 90 पैकी 80 जोड्या पकडते." आपली तपासणी कुठे तोकडी पडते हे आकड्यानिशी सांगणारा माणूस ऑफिसला हवाच असतो.

केळीपट्टा
वरचं उत्तम आहे. रोजच्या रिपोर्टात मात्र असोसिएटिव्हिटी (कसेही गट पाडून जोडलं तरी उत्तर तेच) जास्त कामी येते. रावेरहून 3 गाड्या, सरासरी 16 टन. चोपड्याहून 1 गाडी, 12 टन. दोन सरासऱ्यांची सरासरी 14. खरी सरासरी 60 भागिले 4, म्हणजे 15. सरासऱ्या अशा जोडता येत नाहीत. (एकूण वजन, गाड्यांची संख्या) ही जोडी मात्र कोणत्याही क्रमाने, कितीही तुकड्यांत जोडा, उत्तर तेच. म्हणून तालुक्यांकडून जोडीच मागवायची, भागाकार शेवटी एकदाच. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) हवा असेल तर जोडीनेही भागत नाही, मूळ नोंदीच लागतात.

नोंदवही
एक्विव्हलन्स रिलेशन (यादीचे स्वच्छ वेगळे गट पाडणारा संबंध) विसरू नका. शेतकऱ्यांच्या यादीतली दुबार नावं काढताना "एका अक्षराचा फरक असेल तर तोच माणूस" असा नियम लावतात. हा संबंध ट्रान्झिटिव्ह नाही, म्हणजे पहिला दुसऱ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी जुळला तरी पहिला तिसऱ्याशी जुळेलच असं नाही. रमेश आणि रमण एकमेकांपासून दूर, पण मधे एक चुकीचं टाइप झालेलं 'रमश' आलं की तिघे एकाच गटात जातात. त्यापेक्षा आधी प्रत्येक नाव एका ठरलेल्या रूपात आणा (जोडलेलं 'राव', 'भाऊ' काढा, ऱ्हस्व-दीर्घ एक करा), मग ते रूप आणि गाव दोन्ही तंतोतंत जुळले तरच एक गट. बरोबरीचा संबंध ट्रान्झिटिव्ह असतोच.

आणि स्पष्टच सांगतो, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका. नुसत्या अल्जेब्रावर जागा मिळत नाही.

टीवाय भुसावळ
सगळ्यांचे आभार. एक शंका: 3 ऐवजी दुसरी वजनं घेतली तर त्या 10 जोड्याही पकडता येतील का?

रुळावरून
नाही. एका आकड्याची चूक पकडायची तर वजन 1, 3, 7, 9 यांपैकीच हवं. चारही विषम, म्हणून कोणत्याही दोघांतला फरक सम, आणि 5 च्या फरकाची जोडी निसटणारच. म्हणून डच गणितज्ञ व्हरहुफ यांनी 1969 मध्ये पंचकोनाच्या सममितींचा 10 घटकांचा, कम्युटेटिव्ह नसलेला (क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं असा) ग्रुप वापरला, सोबत स्थानागणिक बदलणारं पर्म्युटेशन (आकड्यांची फेरमांडणी). आधारचा बारावा आकडा याच रीतीने येतो. पायथॉनमध्ये हे लिहून बघा: दोन तक्ते, एक 10×10 चा, दुसरा 8×10 चा. आकडे उजवीकडून वाचायचे, डावीकडून घेतले तर सगळं चुकतं. 236 चा तपासणीचा आकडा 3 आला की समजा जमलं. दाखवायला मात्र कोणाचाही खरा आधार नंबर घेऊ नका. आणि आकडा जुळला म्हणजे तो नंबर कोणाला दिलेला आहे असं होत नाही, हेही मुलाखतीत आपणहून सांगा.