मदत हवी आहे: हॅवलॉक बेटावर बारमाही भाड्याचं घर कसं मिळवावं?

धानबांधी

नमस्कार मंडळी. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले, चामोर्शी तालुक्यातले. माझे मिस्टर आयटीआय झालेले वायरमन. दिवाळीनंतर त्यांना अंदमानात हॅवलॉक बेटावरच्या एका रिसॉर्टात काम लागलं. जनरेटर, पंप, एसी सगळं तेच बघतात. पगार वेळेवर होतो, जेवण तिथेच, तक्रार काही नाही. पण स्टाफ क्वार्टरमध्ये एका खोलीत चौघं, आणि कुटुंब आणायचं नाही असा नियम. मी आणि मुलगी इकडे. ती तिसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. वर्षात एकदा भेट होणार असेल तर त्या पगारात काही राम नाही, म्हणून तिथेच घर भाड्याने घेऊन राहायचं असा आमचा विचार पक्का झाला आहे.

घर मात्र मिळत नाही. ज्याला विचारावं तो "रूम आहे ना" म्हणतो आणि पुढे रोजाचा रेट सांगतो. एक जण महिन्याने द्यायला तयार झाला, पण फक्त पावसाळ्यापुरतं. ऑक्टोबरला खाली करा म्हणे. मग ऑक्टोबरला मी लेकराला घेऊन कुठे जाऊ? आता व्हॉट्सअ‍ॅपवर एक एजंट भेटला आहे. फोटो छान पाठवतो, दारात नारळाची झाडं, आत टाइल्स. दोन महिन्यांचं भाडं आधी ऑनलाइन टाका, मग चावी देतो असं त्याचं म्हणणं. टाकावं का?

तिथे राहिलेलं कोणी असेल तर सांगा. घर नेमकं कोणत्या भागात शोधावं, केव्हा शोधावं, मुलीच्या शाळेचं काय? एकटं पडण्याची भीती मला नाही. माहेर भामरागडचं आहे, पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की आमचं जग बंदच होते.

खारंवारं

ताई, आधी एजंटचं. एक रुपयाही टाकू नका. मिस्टर बेटावरच आहेत ना? त्यांना त्या घराच्या दारात उभं राहून तुम्हाला व्हिडिओ कॉल करू द्या. एजंट पत्ता द्यायला टाळाटाळ करू लागला की विषय संपला. बेटाची वस्ती सहा हजारांच्या घरातली. घर खरंच असेल तर ते कुणाचं हे बाजारातला भाजीवालाही सांगेल.

मी तिथे डायव्हिंगच्या कामाच्या निमित्ताने राहिले आहे, त्यामुळे जरा लांबण लावते.

मालकाचं गणित समजून घ्या, मग शोध सोपा होईल. पर्यटक ऑक्टोबर ते मे येतात, आणि नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत तर पडवीसुद्धा भाड्याने जाते. ज्याची खोली किनाऱ्यालगत किंवा जेटीच्या रस्त्यावर आहे आणि जिला आतून संडास-बाथरूम आहे, तो ती महिन्याने देणारच नाही. तुम्ही कितीही घासाघीस करा, त्या एका आठवड्याची कमाई त्याला तोंडपाठ असते. त्यात त्याचं चुकतंय असंही नाही, पावसाळ्यातले रिकामे महिने त्याला त्यावरच काढायचे असतात. अशा मालकामागे फिरण्यात दिवस घालवू नका. तुम्हाला घर हवं ते पर्यटक ज्याच्याकडे बघणारही नाही असं. समुद्र दिसत नाही, वर टिनाचे पत्रे, न्हाणी मागे अंगणात, शेजारी गाय बांधलेली. अशा घराच्या मालकाला बारा महिन्यांचा भाडेकरू हवाच असतो, कारण दुसरं गिऱ्हाईकच नाही.

भागाचं सांगते. तिथे गावांना नावं आहेत, पण लोक नंबर बोलतात. जेटी आणि बाजार गोविंदनगरला, बाजाराला तीन नंबर म्हणतात. पूर्व किनाऱ्यावर विजयनगर, म्हणजे पाच नंबर. रिसॉर्ट आणि डायव्हिंगची दुकानं त्या पट्ट्यात दाटलेली, तिथे नाद सोडा. सात नंबर म्हणजे राधानगर, जेटीपासून साधारण बारा किलोमीटर. २००४ साली 'टाइम' नियतकालिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटल्यापासून तिथलीही जमीन सोन्याची झाली. श्यामनगर, कृष्णानगर अशा आतल्या वस्तीत बघा. भातशेती, सुपारीच्या बागा, पुकुर म्हणजे घरामागचं तळं. धानाच्या मुलखातल्या माणसाला परकं वाटणार नाही.

घर बघताना रंग-फरशी नंतर, आधी विहीर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलला गोड्या पाण्याची ओढाताण होते. त्यामुळे पावसाळ्यात भरलेली विहीर बघून भुलू नका. शेजारणीला विचारा, होळीनंतर पाणी कुठून आणता? ती खरं सांगेल, मालक सांगणार नाही. पत्र्यांचे खिळे बघा. खाऱ्या हवेने खिळ्याभोवती आधी गंज धरतो आणि मग तिथूनच गळतं. भिंतीवर हात फिरवा, ओल कळते.

मोहर्लीकडचा

वहिनी, हेच सारं आमच्याकडे ताडोब्याच्या गेटाजवळ होऊन राहिलं. मास्तर, नर्सबाई, फॉरेस्टची पोरं, कोणाले धड खोली भेटत नाही. जो तो होमस्टेचा बोर्ड लावून बसला. जंगलाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद राहते, त्या तीन महिन्यांत मालक गोड बोलते आणि एक ऑक्टोबर आला का "खोली पाहिजे होती, पावणे येऊन राहिले". पावणे म्हणजे पुण्याची गाडी.

जे मास्तर इथं टिकले ते कसे टिकले, तेवढं सांगतो. त्यायनं स्वतंत्र घर शोधलंच नाही. मालकाच्याच घराची मागची बाजू घेतली, आणि मालकाच्या पोरायले संध्याकाळी शिकवलं. आता मालक त्यायले सोडते का? तुमचे मिस्टर वायरमन आहेत. बेटावर मोटार जळली, इन्व्हर्टर बसला तं माणूस कुठून आणावं? भाड्याची गोष्ट करायच्या आधी मिस्टरनं मालकाच्या घरची एक-दोन बटनं दुरुस्त करून द्यावी. भाडं कमी होईल का नाही ते सोडा, ऑक्टोबरले घर खाली करा म्हणताना त्याची जीभ अडखळेल.

खारंवारं

मोहर्लीकर, लाख बोललात. वायरमन म्हणजे तिथे खरंच मागणीतला माणूस. वीज डिझेल जनरेटरवर आणि हवा खारी, रोज कुणाचं तरी काहीतरी बिघडलेलं असतं. फक्त रिसॉर्टच्या कामाच्या वेळेत बाहेरची कामं नकोत, तेवढं मिस्टरांनी सांभाळावं.

धानबांधी

दोघांचेही आभार. एजंटला घराच्या दारातून व्हिडिओ कॉलचं म्हटलं तर त्याने नंबरच ब्लॉक केला. बरं झालं.

एक विचारते. आमच्या गावापासून जवळच बंगाली लोकांची वस्ती आहे. मुलचेरा-चामोर्शीकडे अशी बरीच गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना सरकारने वसवलेली. धानाच्या रोवणीला आम्ही एकमेकांच्या बांधीत जातो. तिथल्या एक मावशी सांगत होत्या की त्यांच्या माहेरची काही माणसं तेव्हाच बोटीने अंदमानात गेली. हॅवलॉकवरही असेच लोक आहेत का? याचा काही उपयोग होईल का?

खारंवारं

होईल का म्हणजे! ताई, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, आम्ही विहिरी नि खिळे सांगत बसलो. हॅवलॉकची जुनी वस्ती जवळजवळ सगळी तशीच, १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आणून वसवलेली शेतकरी कुटुंबं. घरात बंगालीच बोलतात. ज्या आतल्या घरांबद्दल मी लिहिलं त्यांचे मालक हेच लोक, आणि ते खोलीची जाहिरात करत नाहीत. कुणीतरी आपलं माणूस म्हणून घेऊन आलं तरच देतात. मावशींच्या त्या नातेवाइकांचा फोन मिळवा. ते हॅवलॉकवर नसले, मधल्या अंदमानात रंगतला किंवा मायाबंदरला असले तरी चालेल, दोन फोनमध्ये बेटावरचा कोणीतरी सापडतो. फोन मात्र मावशींनाच लावू द्या, तुम्ही मागून बोला.

शाळेचं राहिलं. बेटावर सरकारी सीनियर सेकंडरी शाळा आहे, बोर्ड सीबीएसई. मराठी माध्यम अर्थातच नाही. मुलीला हिंदी माध्यम सोपं पडेल, लिपी तीच. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तिकडे पोचेपर्यंत चौथीचा अभ्यास थोडा पुढे गेलेला असेल. पण प्रवेश अडणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नाकारता येत नाही. तरी दाखला, आधार आणि जन्माचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

सावजी_रस्सा

मध्येच तोंड घालतो. मी तिथे फक्त फिरायला गेलेलो, पण एक गोष्ट खटकली ती सांगतो. घड्याळ आपलंच, पण बेट कितीतरी पूर्वेला. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि आतल्या रस्त्यांवर मिट्ट अंधार. मिस्टरांची रात्रपाळी असणार. घर फार आत घेतलं तर स्कूटी लागेल, नाहीतर तुम्ही दोघी अंधारात वाट बघत बसाल. आतल्या गावातही रस्त्याला लागून असलेलं घर बरं.

धानबांधी

मंडळी, काम पुढे सरकलं. मावशींचा चुलतभाऊ रंगतला राहतो असं कळलं. त्याच्या ओळखीने हॅवलॉकवरच्या एका आजोबांकडे मिस्टर जाऊन आले. आतल्या गावात, रस्त्यावरून दिसणारं घर. दोन खोल्या, टिनाचं छप्पर, मागे विहीर, शेजारी सुपारीची बाग. मुलगा पोर्ट ब्लेअरला नोकरीला, म्हणून ती बाजू रिकामी. आजोबांनी भाड्याआधी आम्ही भात खातो की पोळी ते विचारलं! भात म्हटल्यावर खूश झाले. शेजारणीनेही सांगितलं की एप्रिलला पाणी खाली जाते पण आटत नाही.

आता आजोबा म्हणतात, लिहापढीची गरज काय, जबान आहे. आणि चार महिन्यांचं भाडं आधी द्या. मिस्टर म्हणतात देऊन टाकू, माणूस चांगला आहे. मला धाकधूक होते.

मोहर्लीकडचा

आजोबा चांगले राहतील वो वहिनी, पण पोर्ट ब्लेअरवाला पोरगा? उद्या त्यानं बापाले म्हटलं का या दोन खोल्यांत होमस्टे टाकू, तं जबान कोणाची चालते? लिहून घ्या.

खारंवारं

सहमत. आजोबांना कागद अविश्वासाचा वाटू नये म्हणून पोलिसांचं निमित्त करा. बाहेरून येऊन राहणाऱ्या भाडेकरूची नोंद पोलिसांत करावीच लागते आणि त्यासाठी कागद जोडलेला बरा. हे खोटंही नाही. अकरा महिन्यांचा करार करा, स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदार. त्यात एक ओळ हवीच हवी: ऑक्टोबर ते मे या काळात घर रिकामं करायला सांगणार नाही. अकरा महिने सीझनच्या मध्येच संपणार नाहीत असे मोजा. मे अखेरीला सुरू केलात तर एप्रिल अखेरीला संपतो आणि नव्याने बोलायला पावसाळा पुढे असतो, जेव्हा पारडं तुमच्या बाजूला झुकलेलं असतं. विजेला वेगळं मीटर आहे का, नसेल तर युनिटला किती, पत्रे उडाले तर कोण बसवणार, तेही लिहा.

चार महिने एकदम देऊ नका. दोन द्या, आणि आजोबांची सही घ्या किंवा त्यांच्या बँक खात्यात टाका, म्हणजे पावती आपोआप झाली. त्यांना रोख लागत असेल तर बाकीचे दोन महिन्यांचे पैसे पत्रे बदलायला द्या, मजुरी मिस्टरांची. दोघांचंही भलं.

दवाखान्याचंही विचारून ठेवा. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं की पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत रुग्णालय. (२०२४ पासून शहराचं सरकारी नाव श्री विजयपुरम, बोलण्यात अजून जुनंच चालतं.) समुद्र खवळला की बोटी बंद होतात, कधी दोन-दोन दिवस. ताप, जुलाब, दम्याची औषधं घरात हवीत. सरकारी बोटीत स्थानिकांना तिकीट बरंच स्वस्त पडतं, त्याला कोणते कागद लागतात ते मिस्टरांनी जेटीवरच्या खिडकीत विचारावं. घरी बोलायची काळजी नको, २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून आलेल्या केबलने हॅवलॉकही जोडलं गेलं आहे.

धानबांधी

पोलिसांचं निमित्त चाललं. आजोबा म्हणाले, मग लिहा, पण बंगालीतही एक प्रत पाहिजे. मावशींचा नातू दहावीला आहे, तो लिहून देतो म्हणाला. दोन महिन्यांवर तयार झाले, पत्र्यांचंही जमलं.

शेवटचं. गॅस सिलिंडर आणि भांडी इथून न्यायची का? आणि लाखोळीची डाळ, कुरड्या, तिखट?

खारंवारं

सिलिंडर-शेगडी मुळीच नको. इथल्या एजन्सीत सिलिंडर, रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते आणि तिकडे त्या व्हाउचरवर नवं कनेक्शन. मोठी भांडी विमानाच्या वजनात परवडत नाहीत. कुकर, तवा आणि मिक्सर एवढंच न्या.

मोहर्लीकडचा

डाळ नेजा बिनधास्त. कुरड्या मात्र पत्र्याच्या डब्यात नका ठेवजा, बाई म्हणते तसं गंजते तं मग सारं मुसळ केरात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आणि आजोबाले थोड्या तळून देजा.