रोबो व्हॅक्यूम घ्यायचाय: घरात उंबरे आहेत, काळा कडप्पा आहे आणि आई आहे

लोकहो, मदत हवी आहे. थोडं लांबलंय, चालवून घ्या.

घर कोथरूडला, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. उकिडवं बसायचं नाही, फार वाकायचं नाही. केर-फरशीला मावशी येतात, पण सकाळी साडेसातला. समोरच्या दोन बिल्डिंगा पाडून नव्या बांधताहेत, त्यामुळे दुपारी बारापर्यंत पायाला पुन्हा कचकच. मी ऑफिसात असतो आणि आई हळूच केरसुणी काढते. परवा दिवाणाखाली केरसुणी घालताना तिचा तोल गेला. दिवाणाचा कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. मला हे सांगितलं मावशींनी, आईने नाही.

तेव्हापासून रोज रात्री व्हिडिओ बघतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. एकीकडे वीस-पंचवीस हजारांतले, डोक्यावर लेझरचा गोल मनोरा असलेले आणि मागे ओलं फडकं ओढत नेणारे. दुसरीकडे पन्नास हजारांच्या पुढचे, ज्यांचा डॉक (चार्जिंगला परत जायचा ठिय्या) कचरा ओढून घेतो, मॉप धुतो, वाळवतो. शाओमी, ड्रीमी, इकोव्हॅक्स, सगळ्यांकडे दोन्ही प्रकार दिसतात.

घराची मापं घेतली आहेत. उंबरे तीन. दोन साधारण दोन सेंमीचे, आईच्या खोलीचा जवळपास तीन. दिवाणाखाली दहा सेंमी जागा, लोखंडी कपाटाखाली तेरा. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये काळ्या कडप्प्याचा वीतभर पट्टा. बाकी मोझेक, गालिचा एकही नाही. आता प्रश्न असे: धूळ ओढायचा जोर, म्हणजे किती पास्कल पुरतील? उंबऱ्यांचं काय करायचं? आणि मॉपिंग खरंच फरशी पुसल्यासारखं होतं का?

उंबरा काढून टाका असं कृपया सुचवू नका. आई त्यावर रोज दोन बोटं रांगोळी काढते.

बोअरचंपाणी

वाकडला तीन वर्षं वापरतोय. पास्कलच्या नादाला लागू नका. तो आकडा बहुधा सर्वांत जोरकस मोडवरचा असतो आणि त्या मोडवर यंत्र इतकं बोंबलतं की घरात बसवत नाही. गुळगुळीत फरशीवर आमचा अडीच हजार पास्कलवाला पहिल्याच फेरीत सिमेंटची धूळ उचलतो. जास्त ओढ लागते ती गालिच्याला, आणि तुमच्याकडे तो नाहीच.

मनोऱ्यासकट उंची बहुतेक मॉडेलांची साडेनऊ ते दहा सेंमी असते. तुमचा दिवाण अगदी काठावर आहे, आत जाऊन अडकायची शक्यता जास्त. दोन सेंमीचा उंबरा बरेच रोबो धडपडत चढतात. तीनचा सहसा नाही.

फडकं मागे ओढणाऱ्यांचं मॉपिंग म्हणजे ओल्या फडक्याने टेबल पुसल्यासारखं. धूळ निघते, डाग जात नाही. टाकीत फिनेल घालू नका, आतल्या नळ्या बिघडतात. बोअरचं पाणीही नको. आमच्या टाकीची भोकं क्षारांनी बुजली, तेव्हापासून फिल्टरचं पाणी पाजतो साहेबांना.

कोपरा_न_कोपरा

वेगळं मत देतो, राग मानू नका. मावशींनाच दुपारी अर्धा तास परत बोलवा. हजार-बाराशे जास्त द्या महिन्याला. कोपरे स्वच्छ होतील, उंबरे अडणार नाहीत, वॉरंटी संपणार नाही. गोल यंत्र चौकोनी कोपऱ्यात जाणार कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

(धागाकर्ता)

विचारून झालंय. मावशी तयार आहेत, आई नाही. "मी काय आजारी आहे का, दोनदा बाई ठेवायला?" यंत्राला मात्र तिची हरकत नाही. यंत्रासाठी चहा टाकावा लागत नाही, हे तिचं म्हणणं.

जर्सीकर

आमच्याकडे न्यू जर्सीत २०१६ पासून रूम्बा होता. कडप्प्याबद्दल सावध राहा. रोबो जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाला इन्फ्रारेड सेन्सर असतात. जमिनीवरून किरण परत आला नाही की त्याला वाटतं पुढे खड्डा आहे. काळा पृष्ठभाग किरण शोषून घेतो, म्हणून आमच्या काळ्या गालिच्याच्या कडेला येऊन तो दर वेळी माघारी फिरायचा. काही लोक त्या सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवतात, पण मग खरा खड्डाही त्याला दिसत नाही. तुमची बाथरूम खोलगट असेल तर हा उद्योग करू नका.

आणि सुटे भाग मिळताहेत का, ते आधी बघा. रूम्बा बनवणारी आयरोबोट अमेझॉन विकत घेणार होती, तो सौदा जानेवारी २०२४ मध्ये मोडला. २००२ साली पहिला रूम्बा आणणाऱ्या कंपनीची पुढची दोन वर्षं कशी गेली ते वाचलंत, तर नाव मोठं म्हणून निर्धास्त राहता येत नाही हे कळेल.

बोअरचंपाणी

सुट्या भागांना अनुमोदन. भावाच्या रोबोची बॅटरी दोन वर्षांत झोपली. कंपनी (नाव नको) म्हणाली, ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. शेवटी बाजारातल्या कुठल्याशा बॅटरीवर चालवतोय.

उडालेलीमोहरी

तुम्ही सगळं मोजलंत, फक्त आई दिवसातून किती वेळा वाकणार ते मोजलं नाहीत.

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही डॉक नसलेलाच घेतला होता. कचऱ्याची डबी जेमतेम अर्ध्या लिटरची. बांधकामाच्या धुळीत ती रोज रिकामी करावी लागते, म्हणजे रोज जमिनीवरून यंत्र उचला, नाहीतर त्याच्यावर ओणवे व्हा. तिसऱ्या दिवशी सासूबाई हातात फिल्टर घेऊन ओट्यापाशी उभ्या, साडीभर धूळ. केर काढण्यातलं वाकणं वाचलं आणि केर टाकण्यातलं वाढलं. शिवाय पोटाखालच्या रोलर ब्रशला लांब केस गुंडाळले जातात ते वेगळंच. दर रविवारी मी कात्री घेऊन बसते.

म्हणून तुमच्या आईंसाठी डॉक ही चैन नाही. पण मॉप धुणारा महागडा डॉकही नको. त्यात चांगल्या पाण्याची आणि घाण पाण्याची अशा दोन टाक्या असतात. भरलेली टाकी तीन-चार किलोची, आणि घाण पाणी दोन दिवस राहिलं तर स्वयंपाकघरापर्यंत वास येतो. मधला प्रकार बघा: डॉक फक्त धूळ ओढतो, पिशवी दोन-अडीच लिटरची. कंपन्या दोन महिने सांगतात, आमची महिन्याभरात भरते. ती रविवारी तुम्ही बदला. फरशी मावशी पुसतातच.

तांदूळ निवडताना किंवा फोडणीत दाणे सांडले तर मात्र रोबो सोडू नका. बाजूचा ब्रश मोहरी अशी उडवतो की फ्रिजमागे सापडते. (माझ्या आयडीचं रहस्य उलगडलं.)

जर्सीकर

+१. आणि वीज गेली की डॉकचा सिग्नलही जातो. रोबो बॅटरीवर फिरत राहतो आणि डॉक न सापडल्याने कुठेतरी मध्येच बसून राहतो. आईंना सांगून ठेवा, पायात येईल.

(धागाकर्ता)

उडालेलीमोहरी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काल रात्री घरात प्रयोग केला. उंचीला पोळ्यांचा डबा (झाकणासकट पावणेदहा सेंमी) आणि रुंदीला आईची पस्तीस सेंमीची परात. डबा दिवाणाखाली ढकलला, मधल्या आडव्या पट्टीला घासून अडकला आणि काठीने काढावा लागला. म्हणजे दिवाणाखालची जागा ॲपमध्ये बंद करायची किंवा पायांखाली ठोकळे द्यायचे. आई म्हणाली, ठोकळे दे, उठायलाही सोपं पडेल. परात डायनिंगच्या खुर्च्यांमधून गेली नाही. खुर्च्या रोज उलट्या टेबलावर टाकणं तिला जमणार नाही, तेव्हा तो भाग सोडला. देव्हाऱ्यासमोरची रांगोळीची जागाही ॲपमध्ये वगळता येते असं दिसतंय.

तर ठरलं असं: मधला प्रकार, पस्तीस हजारांच्या आत, मॉप नसला तरी चालेल. तीन सेंमीच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घेतो, सुताराशी बोललोय. उतार सुटा ठेवणार, म्हणजे सणाला काढता येईल.

उरला कडप्पा. तो डब्याने तपासता येत नाही. कोथरूड-कर्वेनगर भागात कोणी आपला रोबो अर्धा तास उसना आणेल का? चहा-पोहे आमच्याकडे.

कोपरा_न_कोपरा

माझ्याकडे आहे. (हो, आहे. म्हणून तर कोपऱ्यांबद्दल बोललो.) शनिवारी चारला येतो. पोहे नकोत, आईंना विचारा थालीपीठ जमेल का.

(धागाकर्ता)

विचारलं. म्हणाली, जमेल, ते उभ्याने होतं.